गुरुवारचं पाणी

एकेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा वर्गात जाऊन बसले, ते रहस्यकथा लिहायला शिकायचं म्हणून. पुण्यातल्या एका विद्यापीठात एम.ए.ला सर्जनशील लेखनाचा पेपर आहे आणि त्यातलं अख्खं एक सत्र रहस्य, भय आणि विज्ञानकथेला दिलेलं आहे. कथा मराठीत लिहिली तरी चालते, हे कळलं त्याच दिवशी मी अर्ज भरला.

याची मुळं बाबांपर्यंत जातात. त्यांना बाबूराव अर्नाळकरांचं वेड होतं. वाचनालयातून पुस्तक आणलं की आधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे आणि मग पलंगावर आडवे व्हायचे. आजीने विचारलं तर म्हणायचे, "ऑफिसचं आहे." हजाराहून जास्त पुस्तकं लिहिणाऱ्या, अख्ख्या महाराष्ट्राला वाचायची गोडी लावणाऱ्या लेखकाला आमच्या घरात असं झाकून ठेवलं जायचं. पुढे मी कॉलेजात असताना वार्षिक अंकासाठी एक रहस्यकथा दिली होती. ती परत आली, तेव्हा वर लाल शाईत "रंजनपर" एवढा एकच शब्द होता. पुढची वीस वर्षं मी कथा लिहिली नाही.

म्हणून या वर्गात पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "इथे कथानक असण्याची लाज बाळगायची नाही," तेव्हा मी ते वाक्य वहीत तारीख घालून लिहून ठेवलं.

आमच्याकडे कथा नावाशिवाय वाचली जाते. वर फक्त क्रमांक असतो. ही पद्धत सांगताना मॅडमनी जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं हे नाव. खगोलशास्त्रज्ञ म्हणून झालेल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. कथेला बक्षीस मिळालं. त्यांनी पुण्यात उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेवरून येता-जाता मला हे आठवतं. एवढ्या मोठ्या माणसाला आपली कथा नुसती कथा म्हणून वाचली जावी असं वाटलं, याचं मला फार मोल वाटतं.

आता माझ्या कथेबद्दल. सदाशिव पेठेतला पुनर्विकासाला निघालेला एक वाडा. मालक नाना. त्यांच्या कपाटातून वाड्याची मूळ कागदपत्रं नाहीशी होतात, गुरुवारी दुपारी दोन ते चारच्या मध्ये. भाचा सांगतो, "मी त्या वेळी खाली अंगणात पाइप लावून स्कूटर धूत होतो." आणि तिथेच तो सापडतो, कारण त्या गुरुवारी पेठांचं पाणी बंद होतं.

पुणेकराला हे सांगावं लागत नाही. जलकेंद्राची दुरुस्ती निघाली की बहुधा गुरुवार धरला जातो. आदल्या दिवशी पेपरात ती ठरलेली ओळ येते: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. मग बुधवारी रात्री घराघरात बादल्या, पातेली, कळशा, सगळं भरून ठेवायचं. माझा पुरावा अस्सल पुणेरी होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

पहिल्या खर्ड्यात मी तो शेवटच्या पानावर काढला. नायिका रद्दीतून बुधवारचा पेपर उपसते, बातमी वाचून दाखवते, भाचा मान खाली घालतो. वर्गात वाचून झाल्यावर मॅडम थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, ही बातमी तुझ्या नायिकेला माहीत होती, मला नव्हती. तू मला चकवलं नाहीस, फसवलंस."

चकवणं आणि फसवणं. इतकी वर्षं मराठी बोलते आहे, पण या दोन शब्दांमधलं अंतर मला त्या दुपारी कळलं. चकवणाऱ्याने सगळं समोर ठेवलेलं असतं, फसवणारा पत्ता बाहीत ठेवतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला आठवा नियम हाच आहे: गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकालाही तिथल्या तिथे दाखवला पाहिजे. पाठ करायला हा नियम सोपा आहे, पण पाळायला घेतला की घाम फुटतो.

दुसऱ्या खर्ड्यात मी पाणीबंदीची बातमी पहिल्याच पानावर घातली आणि पुढे वाड्यातल्या मावशींच्या तोंडून पुन्हा वदवली. वर्गात आम्ही बारा जण. भाच्याने स्कूटरचं नाव काढताच नऊ जणांनी पेन्सिली खाली ठेवल्या. आमच्या वर्गात उत्तर सापडलं की ही खूण करतात. तो आवाज अजून कानात आहे.

उरलेल्या दोघांनी मला जास्त शिकवलं. वाकडहून येणारी मुलगी म्हणाली, "ताई, पण गच्चीवर टाकी असेल ना? नाहीतर टँकर मागवतील." ती जन्मापासून सोसायटीत राहिलेली. वाड्यात थेट कॉर्पोरेशनची लाइन असते, वरची टाकी नसते, हे तिने कुठून जाणावं? म्हणजे मला एक नाही, दोन दुवे पेरायचे होते. दुसरा लातूरचा मुलगा. तो म्हणाला, "एक दिवस पाणी नाही, ही बातमी कशी काय झाली?" 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा तो शाळेत होता. त्याच्यासाठी पाणी नसलेला दिवस हा साधा दिवस. माझा पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर होता, पण त्याला तो पुरावा वाटलाच नाही. वाचकाला काय खटकेल हे तो कुठल्या नळावर वाढला यावर ठरतं, हे मला कुठल्याही सिद्धान्ताच्या पुस्तकात मिळालं नसतं.

तरी सिद्धान्तही उपयोगी पडला. त्स्वेतान तोदोरोव्ह या साहित्य-सिद्धान्तकाराचा 1966 चा लेख आम्हाला अभ्यासाला आहे. रहस्यकथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि एक शोधाची, असं तो म्हणतो. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे गुरुवारी खरोखर काय घडलं ते तासातासाने लिहिलं, उजवीकडे वाचकाला ते कधी कळणार ते. डावी बाजू दोन रात्रींत झाली. उजवीला पाच आठवडे लागले.

शेवटी दुवा बसला तो दुसऱ्या पानावर. नायिका वाड्यात शिरते, तेव्हा मावशींच्या स्वयंपाकघरात भरलेल्या बादल्या आहेत, झाकण ठेवलेला पिंप आहे, आणि मावशी तिला हात धुवायला तांब्यातून पाणी घालतात, "जपून हं" म्हणत. बातमी नाही आणि वार तर नाहीच. पाहुणी येते, हात धुते, तिला चहा मिळतो. हातावर पडणाऱ्या पाण्याची ती ओळ मी परिच्छेदाच्या बरोबर मध्ये ठेवली आणि तिच्यामागे लगेच मावशींची सुनेबद्दलची तक्रार लावली. वाचकाचं लक्ष तक्रारीकडे जातं. परिच्छेदाची पहिली आणि शेवटची ओळ लक्षात राहते, मधली निसटते, हे मॅडमनी फळ्यावर कथा उलगडून दाखवलं होतं. टाकीचं काम एका वाक्यात झालं: गच्ची नाही, कौलं आहेत. गुरुवार कळतो तो नानांच्या उपासाच्या साबुदाण्यावरून, तीन पानांनंतर.

या वेळी दोघांनीच पेन्सिल खाली ठेवली, तीही शेवटून दुसऱ्या पानावर. बाकीच्यांनी कथा संपल्यावर पानं मागे उलटली.

गेल्या महिन्यात कथा आईला दिली. ती चष्मा लावून गॅलरीत बसली. मध्ये मी दोनदा चहा विचारला, तिने हातानेच थांब म्हणून सांगितलं. शेवट वाचून झाल्यावर ती काहीच बोलली नाही. दुसरं पान काढलं, ओळीवर बोट ठेवून पुटपुटत वाचलं. "हे बघ, इथेच होतं की गं," म्हणाली. आणि मग, पान तसंच धरून, "यांनी पकडलं असतं का गं हे?"

बाबांनी पकडलं असतं असं मला वाटतं. आईचं म्हणणं, नसतं.