दोष आढळला नाही

पावती अजून माझ्या पाकिटात आहे. तिच्यावर निळ्या पेनाने घाईघाईत खरडलेली एक ओळ : 'लेन्स तपासली. दोष आढळला नाही.' खाली तपासणी शुल्काचा आकडा. ही ओळ हातात पडेपर्यंत एकोणीस दिवस गेले, आणि ते एकोणीस दिवस सप्टेंबरमधले होते.

ज्यांनी सप्टेंबरमधलं कास पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी : साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेलं की साधारण पंचवीस किलोमीटरवर जांभ्या कातळाचं हे पठार आहे. कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यामुळे झाडं जवळपास नाहीतच. पावसाळा सरताना त्या थरातून जे काही उगवतं त्यासाठी लोक लांबून येतात. २०१२ साली पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला त्यात कासही आहे. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, एवढाच काय तो हंगाम. आणि त्यातसुद्धा आज जांभळं दिसलेलं पठार आठवड्याने पिवळं झालेलं असतं.

माझी आत्या साताऱ्यात राहते. मी फोनवर कुरकुर केली तर म्हणाली, "आगं, फुलं काय पळून जात्यात व्हय?" जातात, आत्या. तेच तर.

झालं होतं असं. आदल्या वर्षी मी पैसे साठवून शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी, घेतली. त्याआधी कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या लेन्सने जे फोटो निघायचे ते बरे यायचे. बरे म्हणजे दुरून. गालिच्याचे फोटो. नवी लेन्स आली, फुलाशी जवळीक वाढली, आणि दर दहातले सात फोटो मऊ यायला लागले. पूर्ण धूसर असते तर कळलं असतं. पण कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर ते छान दिसायचे. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले की कळायचं, धारदार आलंय ते फुलामागचं गवत. किंवा फुलाच्या पुढचा थेंब. किंवा देठावरची एक मुंगी, जी मी फोटो काढताना पाहिलीसुद्धा नव्हती. मुंगीचे पाय मोजता येतील इतके स्पष्ट!

मी वाचलं होतं की कधीकधी लेन्स आणि कॅमेऱ्याचं जुळत नाही, फोकस थोडा मागे किंवा पुढे पडतो. झालं. माझं निदान पक्कं. मी लेन्स घेऊन दुरुस्ती केंद्रात गेले. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म पुढे सरकवला. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात दीड ओळ जागा. मी लिहिलं, 'फोकस चुकतो.' मी नमुन्याचे फोटो पेन ड्राइव्हवर नेले होते, ते घ्यायची पद्धत नाही म्हणाला. किती दिवस लागतील? सात ते दहा, कामाचे. दहाव्या दिवशी फोन केला तर 'टेक्निशियनकडे आहे'. चौदाव्या दिवशी 'रिपोर्ट बनतोय'. सतराव्या दिवशी कुणी उचललाच नाही. विसाव्या दिवशी मी स्वतः जाऊन उभी राहिले तर लेन्स मागच्या फडताळात तयार होती, आदल्या दिवसापासून. वर ती ओळ. वर शुल्क. आणि गाडीत बसते ना बसते तोच फोनवर संदेश : आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये गुण द्या.

त्या रात्री मी मुलाच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी काढली. जेवणाच्या टेबलावर पोळ्यांच्या डब्याला तिरकी टेकवली, कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, फोकस बरोबर १५च्या आकड्यावर घेतला आणि दोन सेकंदांचा टायमर लावून दहा फोटो काढले. दर वेळी फोकस विस्कटून नव्याने घेतला. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एकदम उघडं, एफ-२.८. हेतू एकच : पुरावा घेऊन त्या काउंटरवर परत जायचं.

दहाच्या दहा फोटोंत १५चा आकडा धारदार. पुढचे-मागचे आकडे सारखेच विरत गेलेले. लेन्समध्ये खरोखरच काही दोष नव्हता.

मग तीच पट्टी, तोच आकडा, पण कॅमेरा हातात. एकात साडेचौदा स्पष्ट. एकात पंधराच्या पुढच्या रेघा. एकात पट्टी सोडून डब्याची कडी. दहातले तीन बरोबर. म्हणजे कासवर होतं तेच प्रमाण, घरात, पंखा बंद ठेवून.

चुकत होती ती मी. बटण अर्धं दाबून फोकस घेतला आणि पूर्ण दाबून फोटो काढला, या दोन्हींच्या मधे जो अर्धा सेकंद जातो त्यात माणूस डुलतो. उकिडवं बसलेला तर फारच डुलतो. एरवी याने काही बिघडत नाही. पण फूल खऱ्या आकाराच्या अर्ध्याने सेन्सरवर उमटेल इतकं जवळ गेलं, की एफ-२.८वर माझ्या कॅमेऱ्यात स्पष्ट येणारा थर पाऊण मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. भोक लहान केलं की थर वाढतो : एफ-८वर दोन मिलिमीटर, एफ-११वर अडीचच्या आसपास. आणि मी डुलत होते निदान तीन-चार मिलिमीटर. श्वास घेतला तरी तेवढं अंतर होतं.

म्हणजे पावतीवरचं वाक्य खरं होतं, आणि त्यामुळे मला जास्तच राग आला. अजून येतो. काउंटरवर फक्त एक प्रश्न कुणी विचारला असता, "ताई, ट्रायपॉडवर काढून पाहिलंत का?", तर एकोणीस दिवस वाचले असते. त्या फॉर्मवर माझा पिनकोड दोनदा विचारलाय, हा प्रश्न एकदाही नाही. तेव्हा ज्यांचे जवळचे फोटो मऊ येतात त्यांनी आधी पोळ्यांचा डबा आणि पट्टी. पंधरा मिनिटांचं काम आहे, फुकट.

पुढच्या वर्षी मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ऑटोफोकस बंद. कॅमेऱ्यातल्या फोकसच्या चौकोनात जे सगळ्यात ठळक असेल ते तो पकडतो. सीतेची आसवं हे फूल बघा. निळंजांभळं, नखावर मावेल एवढं, दोऱ्यासारख्या देठावर. (वनस्पती कीटकभक्षी. जमिनीखाली बारीक पिशव्या असतात, त्यांत जीव ओढून घेते. वरून इतकी नाजूक दिसते की खरं वाटत नाही.) त्या चौकोनात फूल असतं पावभर आणि मागचं ओलं, चमकणारं गवत पाऊणभर. मशीन गवतच पकडणार. त्याचा दोष नाही. पुन्हा तेच वाक्य!

आता मी लेन्सवरचं फोकसचं कडं फिरवून फूल केवढं हवं ते ठरवते आणि मग कड्याला हात लावत नाही. फोकस मी माझ्या अंगाने करते. किंचित पुढे झुकायचं, अगदी सावकाश. परागकोश उजळून धारदार होताना दिसतात, त्या क्षणी बटण, आणि एक नाही, पाच-सहा फोटोंची सलग फैर. मी डुलणारच आहे हे मान्य केलं. मग त्या डुलण्याच्या वाटेतच फूल येऊ दिलं. सहातला एक नेमका बसतो. बाकीचे पाच खोडायचे, हळहळायचं नाही.

कोपर कुठेतरी टेकलेलं हवं. एक गुडघा जमिनीवर, दुसरा उभा, त्यावर कोपराच्या वरचा मांसल भाग. हाडावर हाड ठेवलं तर घसरतं. मी तांदळाची पिशवीही करून पाहिली, जुन्या उशीच्या अभ्र्यात दोन किलो. कॅमेरा तिच्यावर झकास बसला. पण पठारावर सगळं ओलं. परतल्यावर पिशवी डिकीत विसरले आणि तिसऱ्या दिवशी गाडीला आंबूस वास. आत्याने आधी विचारलं तांदूळ कुठला होता. इंद्रायणी म्हटल्यावर बराच वेळ बोलली नाही. अभ्र्याच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला.

यवतेश्वरचा घाट लागला की गाडीचा एसी बंद करून काचा उघडायच्या, हे आधीच सांगायला हवं होतं. नाहीतर थंड लेन्स बाहेर काढल्या काढल्या तिच्यावर वाफ धरते आणि पहिली वीस मिनिटं, म्हणजे सकाळची सगळ्यात चांगली वीस मिनिटं, पुसण्यात जातात.

वाऱ्याला इलाज नाही, अंदाज आहे. ज्या बाजूने वारा येतोय तिकडचं उंच गवत बघत राहायचं. ते थांबलं की क्षणभराने आपलं फूल थांबतं, तेवढीच संधी. शटर १/५०० सेकंद तरी हवं, त्यासाठी आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारा कॅमेऱ्यातला आकडा) वाढवावा लागला तर खुशाल वाढवा. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेलं फूल नाही चालत. सोबत कुणी असेल तर वाऱ्याच्या बाजूला छत्री धरायला लावा. आमच्या ह्यांचं कासवर तेवढंच काम असतं.

आणि झोपून फोटो काढण्याबद्दल. मीही काढायचे, चटई पसरून. एकदा असाच डोळा कॅमेऱ्याला लावलेला असताना शिट्टी वाजली. पठारावर राखण करणारे एक काका वाटेवर उभे. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही ज्याच्यावर झोपलाय न्हवं, ती बी फुलंच हायती." चटई उचलली. खाली आसवांच्या कळ्या मातीला चिकटलेल्या, कमीत कमी पंधरा-वीस. एका फुलाच्या फोटोसाठी. तेव्हापासून वाटेवर किंवा उघड्या कातळावर बसून जे पोहोचात येतं तेच. शंभर मिलिमीटरचा फायदा तोच आहे, फुलाच्या उरावर बसावं लागत नाही. उघडणारा स्क्रीन असेल तर कॅमेरा खाली नेता येतो, माणूस वरच राहतो.

चौकटीचं मात्र मला नवल वाटलं. त्यासाठी मी वेगळं काही शिकले नाही. माझी सगळी फुलं आधी बरोब्बर मधोमध असायची, पासपोर्टच्या फोटोसारखी. कारण ऑटोफोकसचा मधला चौकोन सगळ्यात भरवशाचा म्हणून मी फूल तिथे ठेवायचे आणि तिथेच सोडायचे. चौकोन सुटला तशी नजर मोकळी झाली. कोपऱ्यात आकाशाचा पांढरा तुकडा घुसलाय, मागून एक वाळकी काडी फुलाच्या डोक्यातून शिंगासारखी निघालीय, हे दिसायला लागलं. काडी उपटायची नाही. वीतभर डावीकडे सरकलं की ती फुलामागे लपते. टाचभर खाली गेलं की मागचं गवत लांब जातं आणि त्याचा नुसता हिरवा रंग उरतो. मी आता बटण दाबायच्या आधी चारी कोपऱ्यांवरून एकदा नजर फिरवते, जसं घरातून निघताना गॅस बघतो तसं.

कोण कुठल्या बाजूने काढायचं हे फुलागणिक वेगळं. सोनकी थाळीसारखी सपाट, कॅमेरा तिला समांतर धरला की एफचा आकडा लहान असला तरी सगळ्या पाकळ्या स्पष्ट. कवल्याचं, म्हणजे ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात त्या पिवळ्या फुलाचं तसं नाही. लाल ठिपके मागच्या पाकळीवर, चोच पुढे आलेली. ठिपके साधले तर चोच विरते. मी एफ-११ ठेवते आणि थोडी बाजूला होते, म्हणजे दोन्ही जवळपास एकाच थरात येतात. वायतुरा तर स्वतःच चौकट आखून देतो : डबक्यातून वर आलेला, दोन फाट्यांचा, खाली पाण्यात उलटा दुसरा. त्याला वर-खाली जागा सोडा, एवढंच. गेंदाची पांढरी बटणं कॅमेऱ्याला फार उजळ करायची सवय आहे, तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण-एक घर खाली ओढा. नाहीतर कापसाचे बोळे दिसतात.

शनिवार-रविवारी जाऊ नका. ऑनलाइन नोंदणी वगैरे सरळ होते, त्याचं काही नाही.

यंदाच्या हंगामात साधारण नऊशे फोटो काढले, ठेवले चौतीस. त्यातला एक मोठा छापून आत्याकडे नेला. सीतेच्या आसवांचा. डावीकडे, खालच्या बाजूला एकच फूल, त्याच्या ओठावरची पांढुरकी रेघसुद्धा स्पष्ट, आणि मागे पठारभर पसरलेल्या तसल्याच हजारो फुलांचा जांभळा धूर. आत्याने चष्मा पुसून घालून बराच वेळ पाहिला. मग बोट ठेवून म्हणाली, "हे एक ब्येस आलंय बघ. बाकीची सगळी हालल्यात. लेन्स नीट करून न्हाई दिली व्हय गं त्यांनी?"