कोचीतले पन्नास रुपये

रात्रीचे साडेदहा. कोचीहून जहाज सुटून चार तास झाले. केबिन हलत नाही असं सगळे म्हणतात, पण टेबलावरचं पेन आपोआप घरंगळत वहीच्या कडेला येतंय.

पन्नास रुपयांचा मेळ बसत नाही.

सकाळी पाकिटात बरोबर 500 होते, सगळे सुटे. आता 131 आहेत. वहीत मांडलेला खर्च: रिक्षा 40, बोट 6, चहा आणि पळंपोरी (केळ्याची भजी) 25, राजवाडा 5, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) 10, जेवण 120, पाणी 20, बस 13, परतीची रिक्षा 80. एकूण 319. मिरी यात धरली नाही, ती घरखर्चाच्या वेगळ्या पैशांतून. म्हणजे उरायला हवेत 181. तीनदा मोजले.

खरं तर पन्नास रुपयांसाठी कोणी जागत नाही. जेवताना ताई म्हणाली, "मोजलंस फार, पाहिलंस काय?" हसत म्हणाली. भाऊजीही हसले. तिच्या मनात काही नव्हतं हे मला ठाऊक आहे, ती अशीच बोलते. पण तेव्हापासून ते वाक्य दातात सुपारी अडकावी तसं अडकलंय. खीर चांगली होती, तरी वाटी सरकवली.

मोजणं आणि पाहणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं कोणी ठरवलं?

कोची दाखवणारी जहाजवाल्यांची सहल घेतली असती तर माणशी चार आकडी रक्कम गेली असती. त्यात एसी बस, गाईड, पाण्याची बाटली आणि गळ्यात नंबराचं कार्ड. ताईचे गुडघे बघता तिने ती घेतली तेच बरोबर, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण स्वस्तातला दिवस म्हणजे कमी पाहिलेला दिवस, हे मला पटत नाही. स्वस्तात करायचं तर उलट जास्त बघावं लागतं: वार, घड्याळ, भरती, बोटीची पाटी, कुठली रिक्षा कुठे वळते ते.

वारापासूनच सुरुवात. कोचीला जहाज शुक्रवारी लागत असेल तर मट्टांचेरीचा राजवाडा बंद. सिनेगॉग शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस बंद, शिवाय ज्यूंच्या सणांना. इतर दिवशीही दुपारी 1 ते 3 दार लावलेलं असतं. लोक फोर्ट कोचीत, म्हणजे शहराच्या जुन्या किनारी भागात, रमतात, दीडला सिनेगॉग असलेल्या ज्यू टाऊनमध्ये पोहोचतात आणि तीनपर्यंत दुकानांच्या तावडीत सापडतात. जहाजावर परतायची वेळ साडेचार-पाच असली तर तीनची वाट बघणं परवडत नाही. म्हणून आधी फोर्ट कोची, पण अकराच्या आत तिथून निघायचंच.

जहाज लागतं विलिंग्डन बेटावर. हे बेट मुळात अगदी इवलंसं होतं. बंदराची खाडी खोल करताना उपसलेला गाळ भोवती टाकून ते एवढं मोठं केलं, रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने. नाव ज्या लॉर्ड विलिंग्डनचं, तो त्याआधी आपल्या मुंबईचा गव्हर्नर होता. बंदराच्या आवारात पायी फिरू देत नाहीत, फाटकापर्यंत गाडीतूनच जायचं. जहाजाचं कार्ड आणि आधार दोन्ही हातात ठेवायचं. परतताना पर्समध्ये तळाशी शोधत बसलं की मागची रांग खोळंबते.

फाटकाबाहेर पहिली पाच मिनिटं कठीण. "फुल टूर, ओन्ली हंड्रेड." शंभरात दिवसभर रिक्षा? परवडते, कारण रिक्षावाल्याची खरी कमाई तुमच्याकडून होतच नाही. तो तुम्हाला दोन-तीन मोठ्या एम्पोरियममध्ये नेतो, आणि तुम्ही नुसते आत जाऊन आलात तरी त्याला तिथून कमिशन किंवा पेट्रोलचं कुपन मिळतं. यात फसवणूक नाही, त्याने आधीच सांगितलं तर. पण तीन दुकानं, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे तास गेला. वेळ भरपूर असेल त्याने जरूर घ्यावी. सहा-सात तासच हातात असतील तर ती शंभराची रिक्षा सगळ्यात महाग. नुसतं "जेट्टी, एंबार्केशन जेट्टी" म्हणायचं आणि चालू लागायचं. दहा पावलांत मीटरच्या जवळपासचा भाव येतो. (मीटरचं किमान भाडं 30, पहिल्या दीड किलोमीटरला.)

मग सरकारी बोट. 6 रुपये. वॉटर मेट्रोही आहे, बॅटरीवर चालणारी, एसी, चकाचक. पण ती हायकोर्टाच्या जेट्टीवरून पकडली तर फोर्ट कोचीला 40 रुपये आणि आधी एर्नाकुलमला जायचा वळसा. जुन्या बोटीत बाकं कडक, इंजिनाची धडधड पायातून पोटात येते, पण दोन्ही बाजू उघड्या. चढण्यापूर्वी दोन गोष्टी. एक, जेट्टीवर लावलेल्या वेळापत्रकाचा फोटो. परतीच्या बोटी कधी आहेत हे तिकडे उतरल्यावर शोधत बसू नये. दुसरी, बोटीवरच्या माणसाला "फोर्ट कोची?" विचारून त्याची मान हलवून घेणं. एकाच धक्क्यावर वेगवेगळ्या गावांच्या बोटी लागतात आणि पाटी मल्याळममध्ये असते.

ह्यांना बोट लागायची नाही कधी. मला लागायची. असो.

फोर्ट कोचीत पायी फिरण्याला पैसे पडत नाहीत. रस्त्यावर पर्जन्यवृक्षांची सावली इतकी दाट की दहा वाजेपर्यंत टोपी लागत नाही. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर दाखवतात. तो कोचीतच वारला, 1524 साली नाताळच्या आदल्या दिवशी. चौदा वर्षांनी अस्थी पोर्तुगालला नेल्या, दगड राहिला. येताना मुरगावला थांबलो, तिथे अख्ख्या गावाला त्याचं नाव, आणि इथे जिथे त्याला पुरलं तिथे तो नाही. चर्चमध्ये वर लांबच लांब कापडी पंखे आहेत, ओढायची दोरी भिंतीतून बाहेर काढलेली. ओढणारा बाहेर उन्हात, वारा आत.

तिथून मट्टांचेरी तीनेक किलोमीटर. बझार रोडने चालत गेलं तर पाऊण तास, आणि हा पाऊण तास कुठल्याही तिकिटात मिळत नाही. दोन्ही बाजूंना मसाल्याची जुनी गोदामं, दारातून सुंठेचा वास येतो तो नाकाच्या शेंड्यावर बसतो. मिरी घ्यायची तर इथे, ज्यू टाऊनच्या सजवलेल्या टोपल्यांतून नाही. दाणा हातात घेऊन वजन बघायचं. चांगली मिरी आकाराच्या मानाने जड लागते. शंका असेल तर पेलाभर पाणी मागायचं. पोकळ दाणे आणि मिसळलेल्या पपईच्या बिया तरंगतात, भरलेली मिरी खाली बसते. दुकानदार रागावला तर पुढचं दुकान. रविवारी यातली बरीच बंद असतात. पुडी शिवून किंवा सीलबंद घ्यायची, जहाजावर तपासणीत सुटं काही नको.

सिनेगॉग 1568 चं. चपला बाहेर, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. खाली बघायचं: चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, हाताने रंगवलेल्या, म्हणून एक दुसरीसारखी नाही. लोक वर झुंबरांकडे बघत फरशीवरून चालून जातात. राजवाडा पोर्तुगीजांनी बांधला, डचांनी डागडुजी केली म्हणून नाव डच पॅलेस. तिकीट 5 रुपये, आणि राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण. फोटो काढू देत नाहीत, तेव्हा उभं राहून बघणं भाग पडतं. जवळच चेरलाईला गौड सारस्वतांची वस्ती आणि त्यांचं देऊळ, तिरुमला देवस्वम. गोव्यातून पोर्तुगीजांच्या काळात आलेली माणसं. दुकानात कोकणी ऐकू आली की आपण मराठीतून बोलावं. निम्मं कळतं, आणि भाव हमखास कमी होतो असं नाही, पण पाणी आधी मिळतं.

परतताना बोटीवर भिस्त ठेवायची नाही. जाताना पाण्याने, येताना रस्त्याने, कारण एक बोट हुकली की अर्धा तास गेला. रस्त्याने मट्टांचेरीहून बसने तोप्पुंपडी, 13 रुपये, आणि तिथून पुलावरून रिक्षा बंदराच्या फाटकापर्यंत. जहाजाच्या वेळेआधी दीड तास निघायचं. तोप्पुंपडीला गर्दी लागते.

हे सगळं ताईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वाटी सरकवली आणि "बरं होतं" म्हटलं.

आता पन्नास रुपये.

कुठे गेले ते मला सकाळपासून माहीत आहे. मांडायचेच नव्हते.

चिनी जाळी. तीच, कोचीच्या प्रत्येक कॅलेंडरवर असतात ती. काठावर उभं राहिलं की जाळ्यावरची माणसं हात करतात, या, ओढून बघा. ओढलं की पैसे मागतात, आणि आकडा आधी सांगत नाहीत. मी काल रात्री ताईला बजावून सांगितलं होतं की तिथे अजिबात पुढे जायचं नाही, लांबून फुकट दिसतं. शेजारच्या टपऱ्यांवरचा मासा घेऊन समोर शिजवून देतात त्यालाही हात लावायचा नाही, माशाचा भाव एक, शिजवण्याचा दुसरा, आणि दोन्ही ताटात आल्यावर कळतात.

लांबून फुकट दिसतं हे खरं. पण लांबून दगड दिसत नाहीत.

जाळं म्हणजे पाण्यावर झुकलेला अवाढव्य हात. लाकडाचे सोट, काही ठिकाणी आता लोखंडी पाइप, आणि टोकाला पसरलेलं जाळं, वीसेक मीटर रुंद. खाली सोडायला एक माणूस पुरतो. तो मधल्या तुळईवर चालत पुढे गेला की त्याच्या वजनाने अख्खा सांगाडा कलतो आणि जाळं पाण्यात बसतं. काही मिनिटं तसंच. मग चार-पाच जण मागचे दोर ओढतात. एवढं वजन चार जणांना उचलत नाही. उचलतात ते दगड. मागच्या बाजूला दोरांना बांधलेले, कलिंगडाएवढे, एकाखाली एक, प्रत्येकाच्या दोराची लांबी वेगळी. जाळं वर येऊ लागलं की सगळ्यात खालचा दगड आधी फळीवर टेकतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. एकेक टेकतो तसतसं मागचं ओझं कमी होत जातं, म्हणून जाळं कुठल्याही उंचीला तोललेलंच राहतं. टेकताना आवाज येतो, ठक्, थांबून पुन्हा ठक्. त्या आवाजासाठी मी पुढे गेले. तो आवाज काठावर पोहोचत नाही, तिथे मोबाइल आणि कुल्फीवाले असतात.

दोर ओला आणि जाड, मूठ पूर्ण बसत नाही. जाळ्यात आलं काय? चार बोटभर मासे, एक खेकडा, बरीचशी जलपर्णी. म्हाताऱ्याने खेकडा परत टाकला. मग हात पुढे केला. मी वीस काढले. त्याने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला मी घासाघीस करताना बघतो तसं, थकून. मी पन्नास दिले.

तेव्हा ताईला काय सांगणार होते? की मोजलं सगळं, एवढं सोडून?

ती तर म्हणेल, बसमधून जाळी दिसली, एसीत, पंधरा मिनिटं थांबलो पण, ऊन फार होतं. आणि तेही खरंच असेल. तिच्या पायाला ऊन आणि उतार दोन्ही सोसत नाहीत. तिने पैसे मोजून गुडघे वाचवले, मी गुडघे झिजवून पैसे. दोघींची बाकी शून्य. शिवाय आपल्या घरात कोण मोजत नव्हतं? आई तर दळणाला पाठवताना पायलीवर बोटाने रेघ ओढायची. ताईनेच शिकवलंय मला आठ आण्याचं कोथिंबिरीच्या जुडीवर वसूल करायला. आता भाऊजींसमोर तिला ते आठवत नाही एवढंच.

वहीत लिहायचे तर कुठल्या रकान्यात? "प्रवास" म्हणावं तर कुठे गेले नाही. "देणगी" म्हणावं तर दोर ओढून घेतला. "इतर" लिहिलं की ताई बरोबर तिथेच बोट ठेवणार.

"अगं, ती जाळी," पलीकडून ताईचा आवाज आला. मला वाटलं झोपली. "एवढी मोठी, ती वर खेचतात कशी? गाईडने सांगितलं, पण माइक खरखरत होता."

"दगड असतात मागे."

"दगड?"

पान उलटून तिला काढून दाखवतेय. सहा दगड काढलेत, दोर मोठ्यापासून लहानापर्यंत. ती चष्मा शोधतेय आणि म्हणतेय, एवढं जवळून कुठून पाहिलंस तू.