आमची वाटचाल: ड्राफ्ट २८ आणि मधला फायरवॉल

आम्ही पाच जण, काम म्हणजे दुसऱ्यांच्या ॲप आणि डिव्हाइससाठी नेटवर्क लायब्ररी लिहून देणं. सुरुवातीला मला वाटायचं एकदा आरएफसी (इंटरनेट स्टँडर्डचा अधिकृत दस्तऐवज) निघाला की झालं, सगळे वापरायला लागतात. टीएलएस १.३, म्हणजे इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या प्रोटोकॉलची नवी आवृत्ती, तिने तो समज पार मोडला.

पहिला ड्राफ्ट २०१४ चा, आरएफसी ८४४६ निघाला ऑगस्ट २०१८ मध्ये, मधे २८ ड्राफ्ट, दरवेळी काहीतरी बदललेलं, की परत कोड उघडा, परत दुसऱ्यांच्या सर्व्हरशी हँडशेक (कनेक्शन सुरू करतानाची देवाणघेवाण) जुळतोय का बघा. ह्याचे पैसे कोणी देत नव्हतं. पण आयईटीएफमध्ये, म्हणजे ही स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेत, मतदान नसतं, रफ कन्सेन्सस (ढोबळ एकमत) आणि चालणारा कोड बघतात, त्यामुळे छोट्या टीमचंही ऐकलं जातं, ह्याचं मला अजून अप्रूप आहे.

खरा त्रास मधल्या डब्यांचा, म्हणजे वाटेत बसून ट्रॅफिक तपासणाऱ्या फायरवॉलसारख्या उपकरणांचा. एका ग्राहकाकडे ट्रायल लावली, आमच्याकडे सगळं सुरळीत आणि त्यांच्याकडे कनेक्शनच होईना. रात्री दोन्ही टोकांना पॅकेट कॅप्चर (जाणारा-येणारा डेटा टिपणारं टूल) लावून बसलो, तर सर्व्हरकडून सर्व्हर हॅलो (हँडशेकमधलं सर्व्हरचं पहिलं उत्तर) निघालेला दिसतोय पण क्लायंटला पोचतच नाही, त्याच्या जागी सरळ रिसेट, म्हणजे कनेक्शन तोडायचा मेसेज. मधल्या फायरवॉलला नवा व्हर्जन नंबर ओळखीचा नव्हता, म्हणून त्याने कनेक्शन तोडलं. हे ब्राउझरवाल्यांनाही दिसलं होतं, आणि शेवटी स्टँडर्डच वाकलं: व्हर्जनच्या जागी १.२ चाच नंबर, खरा नंबर एक्स्टेन्शनमध्ये (मेसेजला जोडलेल्या जादा भागात). मला आधी ते पटलं नव्हतं, इतकं स्वच्छ डिझाइन कशाला बिघडवायचं? पण त्याच फायरवॉलमधून हँडशेक पूर्ण होताना बघितला आणि माझं मत बदललं.

आयपीव्ही६ चं, म्हणजे इंटरनेट ॲड्रेसच्या नव्या पद्धतीचं, तर विचारूच नका. पहिला आरएफसी डिसेंबर १९९५ चा, इंटरनेट स्टँडर्डचा दर्जा जुलै २०१७ मध्ये, मधे फेब्रुवारी २०११ मध्ये आयएएनएकडचे (जगभर ॲड्रेस वाटून देणाऱ्या संस्थेकडचे) जुन्या पद्धतीचे आयपीव्ही४ ॲड्रेस संपलेसुद्धा, तरी नॅटवर (एकच ॲड्रेस अनेक डिव्हाइसनी वापरायची युक्ती) काम चालूच. ग्राहक म्हणतात आत्ता कुठे काय अडलंय, आणि त्यांचं चूक नाही, जो आधी बदलतो त्याला खर्च लगेच आणि फायदा बाकीचे आल्यावर. म्हणून आता आम्ही कोणाला बदला म्हणत नाही, लायब्ररीच दोन्ही ॲड्रेस ट्राय करते आणि जो आधी लागेल त्यावर जाते.

त्या रात्रीच्या फायरवॉलचं तेच मॉडेल आम्ही नंतर सेकंडहँड घेतलं. टेस्ट रॅकमध्ये सगळ्यात खाली आहे, त्यातून पास झाल्याशिवाय रिलीज जात नाही.