झीरो केलं, पण वजन टांगून पाहिलं का?

कुणी सायकलवर नवं पॉवर मीटर, म्हणजे पेडल मारण्याची ताकद वॅटमध्ये मोजणारं उपकरण, बसवलं की मी एकच प्रश्न विचारते : वजन टांगून पाहिलंस का? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘रोज निघताना कॅलिब्रेट करतो की.’ म्हणजे हेड युनिटवरचं, हँडलवरच्या छोट्या संगणकावरचं, ते बटण दाबतो. ते बटण दाबावंच, पण त्याने फक्त शून्य ठरतं. काटा शून्यावर असलेला तराजूही किलोला पन्नास ग्रॅम कमी दाखवू शकतो.

मी चाकणला एका कारखान्यात स्टँडर्ड रूममध्ये काम करते. टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या टॉर्कने (फिरवण्याच्या जोराने) आवळायचे पाने, तपासणं हे रोजचंच. क्रँकमधलं, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं त्यातलं, मीटर मला त्याच जातीचं उपकरण वाटतं. धातूवर स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या, चिकटवलेले असतात. पायाच्या जोराने धातू अगदी किंचित वाकतो, गेजचा रोध बदलतो, आणि त्यातून टॉर्क काढला जातो. त्याला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट. या हिशेबात दोन आकडे चुकू शकतात : भार नसतानाचं वाचन, म्हणजे झीरो, आणि प्रत्येक न्यूटन-मीटरला वाचन किती वाढतं तो स्लोप. उलरिच शोबरर यांनी 1986 साली जर्मनीत एसआरएम ही पॉवर मीटरची कंपनी सुरू केली. त्यांच्या मीटरसोबत स्लोपचा आकडा हर्ट्झ प्रति न्यूटन-मीटरमध्ये लिहून येतो. हा आकडा चालवणाऱ्यापासून लपवलेला नाही, हे मला फार आवडतं.

झीरो सरकतं ते मुख्यतः तापमानामुळे. डिसेंबरात पहाटे सिंहगडाला निघताना घरातल्या उबेतून सायकल बाहेर काढायची आणि लगेच बटण दाबायचं, हे व्यर्थ आहे. धातू अजून घरातल्याच तापमानाला असतो. सायकल पंधरा-वीस मिनिटं बाहेर उभी करा, मग पेडलवर पाय न ठेवता झीरो करा. बॅटरी बदलल्यावर पुन्हा करा. पेडलमधलं मीटर काढून बसवलं असेल तर आधी ते सांगितलेल्या टॉर्कने घट्ट करा, थोडं जोरात चालवून ते नीट बसू द्या, आणि मगच झीरो. क्रँकची लांबीही तपासा. पेडल-मीटरमध्ये 170 ऐवजी 172.5 मिमी भरली गेली तर प्रत्येक वाचन दीड टक्का जास्त येतं, आणि झीरो करून ते कधीच सुधारत नाही.

आता वजनाचं. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या भुसार दुकानदारकाकांकडून मी 20 किलोचं लोखंडी वजन आणते. त्याच्या शिशाच्या भरावावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, आणि अशा वजनात जेमतेम काही ग्रॅमची सूट असते. जिममधल्या प्लेटवर छापलेल्या आकड्यावर मी भरवसा ठेवत नाही. दोरी आणि हूक वेगळे तोलून मिळवायचे. माझे 150 ग्रॅम भरतात, म्हणजे एकूण 20.15 किलो. पुण्यात गुरुत्वाकर्षण 9.78 धरायचं. पुस्तकातलं 9.81 वापरलं तर 0.3 टक्क्यांचा फरक उगाच येतो. माझी क्रँक 170 मिमी, म्हणून 20.15 × 9.78 × 0.170 = 33.5 न्यूटन-मीटर.

सायकल सरळ उभी करा, मागचा ब्रेक पट्ट्याने आवळून बांधा, क्रँक पुढे आडवी ठेवा. क्रँकवर स्पिरिट लेव्हल लावाच. क्रँक 10 अंश कलली तर टॉर्क दीड टक्क्याने घटतो, आणि आपण तर तेवढीच चूक शोधत असतो. दोरी पेडलच्या आसाच्या बरोबर मधून लोंबू द्या. आधी वजनाशिवाय झीरो, मग वजन टांगून वाचन, मग वजन काढून झीरो जागेवर परतलं का ते पाहणं. परतलं नाही तर काहीतरी सैल आहे. पुढे मोजण्यात अर्थ नाही. मीटर स्पायडरमध्ये, म्हणजे क्रँकला चेनरिंग (पुढचं दातेरी चाक) जोडणाऱ्या भागात, असेल तर दोन्ही बाजूंच्या क्रँकवर टांगून पाहा. 33.5 च्या जागी सतत 32.9 येत असेल तर मीटर 1.8 टक्के कमी दाखवतंय, म्हणजे स्केल 1.018 पट करायचं. काही मीटरच्या ॲपमध्ये तो आकडा भरता येतो. नसेल तर निदान वहीत लिहून ठेवा.

हे सगळं कशासाठी? पावसाळ्यात आम्ही घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच चालवायच्या आणि वॅटही मोजणाऱ्या यंत्रावर, असतो आणि हिवाळ्यात रस्त्यावर. सप्टेंबरचा आकडा डिसेंबरच्या आकड्याशी लावायचा असतो. ट्रेनर चेनच्या पलीकडे मोजतो, त्यामुळे तो क्रँकपेक्षा दोन ते चार टक्के कमी दाखवणं रास्त आहे. ट्रेनरच जास्त दाखवत असेल तर दोघांपैकी एक नक्की चुकतोय, आणि कोणता ते वजन सांगतं. मेहनतीने वाढवलेले पाच वॅट खरे आहेत की उपकरणाचे, हे कळण्याचा हक्क प्रत्येक सायकलस्वाराला आहे असं मी मानते.

घाट चढून ढोबळ पडताळाही घेता येतो. सायकल, पाणी, बूट धरून माझं वजन 70 किलो. साधारण 9 टक्के चढावर 100 मीटर उंची 8 मिनिटांत चढले तर नुसत्या उंचीचे 143 वॅट. टायरचे आठेक, हवेचे दोन-तीन, वर चेनचं नुकसान धरून मीटरवर 158 च्या आसपास दिसायला हवं. वारा नसताना 170 किंवा 145 दिसलं, तर वजन बाहेर काढायची वेळ आली.

एकाच पायाचा जोर मोजून तो दुप्पट करणाऱ्या मीटरबाबत मात्र वजनाने पूर्ण उत्तर मिळत नाही. डावा पाय 48 टक्के काम करत असेल तर दुप्पट करून 96 च येतात, मीटर कितीही अचूक असलं तरी. लंबगोल चेनरिंगचंही तसंच : फेरीभर वेग सारखा धरणारं मीटर थोडं जास्त दाखवतं, आणि स्थिर वजनाला ते दिसत नाही.

वजन टांगताना खाली जाड गादी किंवा जुनं टायर ठेवा आणि पाय बाजूला ठेवा. 20 किलो लोखंड पायावर पडलं तर बोटं मोडतात.