सहाऐवजी सत्तावीस: फंक्शन्सच्या साखळीची पुढची नोंद

दोन फंक्शन्स एकामागोमाग चालवणारं एक नवं फंक्शन बनवून देणारं माझं पायथनमधलं जोड(फ, ग) आता व्यवस्थित चालतंय. आधी ग, मग फ. जोड(दुप्पट, अधिकएक)(५) चे १२ येतात, क्रम उलटा केला की ११. (हो, पायथन ३ मध्ये देवनागरी नावं खरंच चालतात. डेफ आणि रिटर्न हे भाषेचे राखीव शब्द मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात.)

पुढचा बेत अख्ख्या यादीची साखळी करायचा होता. लूपमध्ये न ला १, २, ३ करत प्रत्येक फेरीत 'लॅम्बडा क्ष: क्ष * न' (लॅम्बडा म्हणजे एका ओळीचं बिननावाचं फंक्शन) यादीत टाकलं, यादी दोन-दोन करत एकत्र आणणाऱ्या रिड्यूसने सगळी जोडली आणि १ पाठवला. उत्तर सहा यायला हवं. आलं सत्तावीस!

संशय अर्थातच जोडवर. त्यात जागोजागी प्रिंट टाकले, रिड्यूसऐवजी हाताने जोडून पाहिलं, तरी सत्तावीसच. शेवटी साखळी सोडून यादीतलं एकेक फंक्शन सुटं चालवलं, तर तिघंही तीनाचाच पाढा म्हणत होती. लॅम्बडा न ची किंमत साठवतच नाही. फक्त नाव लक्षात ठेवतं आणि बोलावलं की त्या नावाखाली काय आहे ते बघतं. तोवर लूप संपून न तीनवर थांबलेला. कोड चालताना चित्रात दाखवणाऱ्या पायथन ट्यूटर या वेबसाइटवर एकेक पायरी पुढे सरकवत गेलं की हे डोळ्यांना दिसतं. अशा भानगडीत मला ते कुठल्याही डीबगरपेक्षा आवडतं.

यावर सगळीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे 'लॅम्बडा क्ष, न=न'. चालतो, पण मला पटत नाही. चुकून कुणी दुसरा आर्ग्युमेंट (फंक्शनला पाठवलेली किंमत) दिला तर न गुपचूप बदलतो. त्यापेक्षा गुणक(न) असं वेगळं फंक्शन लिहिलं, जे आतलं फंक्शन परत देतं. दर कॉलला नवा न. आले सहा!

रिकाम्या यादीवर रिड्यूस टाइपएरर नावाची चूक दाखवत होतं. सुरुवातीची किंमत म्हणून 'तसाच' दिलं, म्हणजे मिळालं ते जसंच्या तसं परत करणारं फंक्शन. एका ओळीत काम झालं. यावर मी बेहद्द खूश आहे.

हे लिहितानाच लक्षात आलं की गुणाकाराला क्रमाचं सोयरसुतक नाही, त्यामुळे साखळी उलटी जोडली असती तरी सहाच आले असते. म्हणजे ही चाचणी क्रम तपासतच नाही. त्यामुळे यानंतर करायचे ठरवलेले डेकोरेटर (दुसऱ्या फंक्शनला गुंडाळणारी फंक्शन्स) लांबणीवर. आधी चाचणीच्या यादीत अधिकएक घुसवते. आणि एफ-शार्प या प्रोग्रामिंग भाषेतल्या >> सारखी डावीकडून उजवीकडे वाचता येणारी साखळीही करून बघते, कारण तीनपेक्षा जास्त फंक्शन्स झाली की उजवीकडून वाचताना माझी तारांबळ उडते.