बदनाम गाड्यांचं वर्कशॉप : आमची वाटचाल

कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच तक्रार घेऊन येतं : "गाडी पकडते." येझदी असेल, जुनी जावा असेल, नाहीतर राजदूत 350, सगळ्या जुन्या मोटारसायकली. पकडते म्हणजे चालत्या गाडीत पिस्टन सिलेंडरमध्ये अडकतो, इंजिन जागच्या जागी थांबतं, आणि क्लच दाबायला क्षणभर उशीर झाला तर मागचं चाकही लॉक होतं. घाटात किंवा हायवेला हे ज्याच्या वाट्याला आलंय तो पुन्हा सहजासहजी गाडीवर भरवसा ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्यापुढं तो म्हणतो, "या गाड्याच तशा." हे मात्र आम्ही मान्य करत नाही. आमचा सगळा धंदा या एका नकारावर उभा आहे.

सुरुवात आबांची, म्हणजे माझ्या वडलांची. ते टर्नर. उद्यमनगरात त्या काळी शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांचं काम भरपूर होतं, आणि आबांचं हातखंडा काम म्हणजे बोअरिंग, झिजलेला सिलेंडर आतून कापून नेमक्या मापाचा करणं. शेतकरी इंजिनाचा सिलेंडर बैलगाडीत घालून आणायचे, बोअर करून घेऊन जायचे. मोटारसायकली आल्या त्या याच वाटेनं. ज्याच्याकडं बोअरिंगचं मशीन, त्याच्याकडं सिलेंडर येणारच.

म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून 1961 मध्ये जावा बाहेर पडायला लागल्या. इराणी कुटुंबाचा कारखाना, मूळ डिझाइन चेकोस्लोव्हाकियाचं. पुढं सत्तरच्या दशकात टाकीवर येझदी हे नाव आलं, 1978 नंतर रोडकिंग आली. एक सिलेंडर पण दोन सायलेन्सर, आणि किकचा दांडा पुढं वळवला की तोच गिअरचा दांडा. गिअर दाबला की क्लच आपोआप सुटायचा. आमच्याकडं करवीर, राधानगरी, भुदरगड भागात या गाड्यांनी केलेलं काम मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागं एक माणूस, आणि पावसात गगनबावड्याचा चढ. "फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू" अशी त्यांची जाहिरात असायची. दूधवाल्यांना जाहिरातीची गरज नव्हती, त्यांना रोज पहाटे गाडी चालू झाल्याशी मतलब, आणि ती व्हायची.

मग हे नाव खराब कधी झालं? माझं मत स्पष्ट आहे : गाड्या बनत असताना नव्हे, कारखाना बंद झाल्यावर. 1984-85 पासून जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या 100 सीसीच्या गाड्या आल्या. हिरो होंडाची सीडी 100 पेट्रोल वाचवायची आणि पेट्रोलमध्ये ऑइल घालायची भानगडच तिला नव्हती. येझदीचं गिऱ्हाईक तिकडं गेलं आणि 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना थांबला. त्यानंतर शोरूमला शिकलेले मिस्त्री पांगले. कुणी रिक्षाच्या गॅरेजला गेले, कुणी आखातात. अस्सल पार्ट संपले आणि बाजारात नकली माल आला. उरल्या त्या गाड्या आणि त्या खोलायला बसलेली अशी पोरं, ज्यांनी पेट्रोलबरोबरच ऑइल जाळणारं टू-स्ट्रोक इंजिन कधी शिकलंच नव्हतं. बदनामी झाली ती या दहा-पंधरा वर्षांत.

गिऱ्हाइकाला आम्ही सगळ्यात आधी समजावतो ते क्रँकचं सील. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, आणि सील म्हणजे त्याच्या टोकाला बसणारी रबरी कडी. चार-स्ट्रोक गाडीत सील गेलं तर ऑइल गळतं, जमिनीवर डाग दिसतो, माणूस सावध होतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथून सिलेंडरमध्ये ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद पाहिजे. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक होऊन फटलं की बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी. इंजिन तापतं, पिस्टन फुगतो, पकडतो. बाहेरून काहीच दिसत नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं : इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतं, पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि गिअरबॉक्स हळूहळू कोरडा पडतो. दोन्ही सीलं मिळून एका जेवणाच्या थाळीएवढाही खर्च नाही. पण ती बदलायची तर इंजिन खाली उतरवून केस फोडावी लागते, म्हणून गॅरेजवाला वरचं हेड काढतो, नवा पिस्टन टाकतो आणि गाडी देतो. महिनाभरात ती परत पकडते. मालक म्हणतो, नवा पिस्टन टाकूनही पकडली, म्हणजे गाडीतच खोट आहे.

म्हणून इंजिन बांधून झालं की आम्ही कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबरी बुचांनी बंद करतो, सायकलच्या पंपानं सहा पीएसआयपर्यंत हवा भरतो आणि गेजवर नजर ठेवून बसतो. काटा हलला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. कधी पॅकिंगला, कधी स्पार्क प्लगच्या आट्यांना, कधी जुन्या केसिंगला गेलेल्या केसासारख्या तड्याला बुडबुडा येतो. काटा स्थिर राहिल्याशिवाय इंजिन फ्रेमवर चढत नाही. हा नियम आबांच्या वेळी नव्हता. मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत क्वालिटीला नोकरी केली, तिथल्या सवयीतून तो आला.

नोकरी सोडून मी शेडमध्ये आलो तो काळ कठीण होता. येझदी वजनावर भंगारात जात होत्या. आबा भंगारवाल्याकडून क्रँक, केसिंग, गिअरचे सेट उचलून आणायचे आणि आई विचारायची, हे लोखंड खायचं का? घर चालत होतं ते फाउंड्रीवाल्यांच्या जॉबवर्कवर. त्या पोटमाळ्यावरच्या मालानं पुढं आम्हाला तारलं, कारण आज नव्यानं बनणाऱ्या क्रँकच्या चकत्यांपेक्षा म्हैसूरच्या जुन्या चकत्यांचं पोलाद सरस आहे. हे माझं रोजच्या हाताळणीतलं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

क्रँकचं काम जरा सविस्तर सांगतो, कारण आमची ओळख त्याच कामाची. येझदीचा क्रँक एकसंध नसतो. दोन जड चकत्या, मध्ये क्रँकपिन, तिच्यावर बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड, सगळं दाबून बसवलेलं. रॉड खिळखिळा झाला की प्रेसवर पिन बाहेर काढायची, नवी पिन, नवं बेअरिंग, नवा रॉड घालून परत दाबायचं. दाबणं सोपं आहे. खरं काम त्यानंतर. क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरायचा, दोन्ही शाफ्टना डायल, म्हणजे वाकडेपणा दाखवणारं काट्याचं माप, लावायची, हातानं सावकाश फिरवायचा. पहिल्यांदा काटा वेड्यासारखा नाचतो. कुठल्या चकतीचा कुठला भाग वर आहे ते खडूनं मांडायचं, क्रँक हातात घेऊन तांब्याच्या हातोड्यानं त्या जागी एक घाव, पुन्हा सेंटरला, पुन्हा डायल. कधी चकत्या फाकलेल्या असतात, तेव्हा पिनेच्या समोरून दाब द्यायचा. कधी आवळलेल्या असतात, तेव्हा मध्ये पाचर घालायची. काटा तीन शतांशाच्या आत आला, म्हणजे 0.03 मिलिमीटर, की आम्ही काम झालं म्हणतो. धाकटा भाऊ यात माझ्या पुढं आहे. त्याला घाव किती जोरात मारायचा हे हाताला कळतं. हे शिकवायला मला तरी अजून जमलेलं नाही, तो मात्र दोन पोरांना शिकवतोय. असा क्रँक बसवलेल्या येझदीचं हँडल 80 च्या स्पीडलाही झिणझिण्या आणत नाही, आणि बेअरिंग-सीलंही टिकतात, कारण वाकडा क्रँक सर्वांत आधी सीलच खातो.

बोअरचा नियम आबांचाच, आजही तोच : आधी पिस्टन हातात, मग बोअर. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायचा आणि त्याच्या मापानं सिलेंडर कापायचा. डब्यावर 0.50 ओव्हरसाइज लिहिलंय म्हणून तेवढंच कापलं, असं चालत नाही. एका विक्रेत्याकडून आलेल्या पिस्टनांच्या एकाच पेटीत मापं इतकी वेगवेगळी निघाली की आम्ही पेटी परत केली.

राजदूत 350 ची बदनामी वेगळ्या जातकुळीची. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी 350 भारतात 1983 पासून बनवली. 347 सीसी, दोन सिलेंडर, सहा गिअर. जपानी गाडीची ताकद 39 हॉर्सपॉवर. इथं पेट्रोल वाचावं म्हणून ती आधी साधारण 30 वर, नंतर 27 च्या आसपास आणली. तरीही लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर, आणि तेही त्या काळात. पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला. 1989 च्या सुमारास उत्पादन थांबलं. लोकांनी तिला यमदूत म्हटलं. त्या काळच्या रस्त्यांवर एवढी पळणारी दुसरी गाडी नव्हती, चालवणाऱ्याला सवय नव्हती, आणि ब्रेक त्या वेगाच्या मानानं तोकडा. या तिन्ही गोष्टी खऱ्या. पण इंजिन? नीट बांधलेलं आरडीचं इंजिन आम्ही उघडतो तेव्हा आतली घडाई पाहून आजही हात थांबतो. तिची दुखणी दोनच : ऑइल पंप आणि दोन कार्बोरेटरांचा मेळ. पंप इंजिनावर चालतो, आणि केबल थ्रॉटलबरोबर त्याचं ऑइल वाढवते. केबलचं सेटिंग चुकलं की सिलेंडर ऑइलविना उपाशी. भीतीपोटी कितीतरी मालकांनी पंपच काढून टाकला आणि टाकीत ऑइल मिसळायला लागले. आम्ही पंप परत बसवतो. ब्रेकच्या शूजना ड्रमच्या मापानं घासून बसवल्याशिवाय आरडी आम्ही शेडबाहेर सोडत नाही, मालकानं फक्त इंजिनाचं काम सांगितलेलं असलं तरी.

यातून गिऱ्हाइकं तुटली. "फक्त पिस्टन टाका, सील राहू द्या" म्हणणाऱ्याला आम्ही हात जोडून नाही म्हणतो. सुरुवातीला याचा चांगलाच फटका बसला. पण एक निवृत्त एसटी ड्रायव्हर काका रोडकिंग घेऊन आले होते, तीन गॅरेजं फिरून. त्यांनी सगळं काम करून घेतलं आणि नंतर फोंडा घाट, आंबोली, पार गोव्यापर्यंत ती गाडी फिरवली. जिथं जातील तिथं आमचा पत्ता सांगितला. बेळगाव आणि सावंतवाडीकडची आमची बरीचशी गिऱ्हाइकं त्यांच्यामुळं आली.

2018 मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं, 2022 मध्ये येझदीही. त्या गाड्या चार-स्ट्रोक, आमच्याशी त्यांचा पार्टचा संबंध नाही. पण जुन्या गाड्यांचे भाव चढले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा होतो, त्याआधी महिनाभर आमच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसते. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना विंटेज नोंदणीची सोय 2021 च्या केंद्राच्या नियमांनी झाली, त्यानंही मागणी वाढली. एक गोष्ट मात्र मनाला लागते. क्रोम चकाकतं, टाकीवर सोनेरी रेघा ओढल्या जातात, लाखभर रुपये रंगावर जातात आणि इंजिन तसंच. दिवाणखान्यात उभी करायला हरकत नाही, पण मग रस्त्यावर काढली की ती पकडते आणि पुन्हा नाव जातं गाडीचं.

आता नवी अडचण पेट्रोलची. पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आमच्या जिल्ह्यातल्या उसापासूनही ते बनतं, त्यामुळं त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, म्हणजे पुन्हा तीच उष्णता. आम्ही मेन जेट एक नंबरनं मोठा टाकतो आणि प्लगचा रंग पाहतो; फिकट पांढरा दिसला तर अजून एक. जुनी रबरी नळी आणि फ्लोटच्या सुईचं रबर फुगतं, ती बदलतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीत गंज येतो, आणि ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने उभं राहिलं तर तळाशी पाणी उतरतं. गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी करा, कार्बोरेटरचा कप सोडून कोरडा करा. ऑइल मात्र कमी करू नका. जावा-येझदीला आम्ही लिटरला 40 मिलिलिटर सांगतो, आणि तेही सीलबंद बाटलीतलं चांगलं टू-टी ऑइल.

सध्या शेडमध्ये आम्ही दोघं भाऊ, आयटीआय झालेली दोन पोरं आणि सकाळी येऊन लेथपाशी बसणारे आबा एवढे आहोत. प्रत्येक इंजिनाचं कार्ड असतं : पिस्टनचं माप, बोअरचं माप, क्रँकचा डायल, सीलची तारीख. गाडी विकली तर कार्ड नव्या मालकाला मिळतं. चारचाकी आम्ही घेत नाही. पद्मिनीवाले विचारतात, त्यांना उद्यमनगरातच चांगली माणसं आहेत, तिकडं पाठवतो.

बाहेरगावाहून इंजिन पाठवणाऱ्यांना एकच विनंती. पकडलेला जुना पिस्टन फेकून देऊ नका, पॉलिश पेपरनं घासूही नका, तसाच कागदात गुंडाळून सोबत टाका. चारही कोपऱ्यांवर ओरखडे असतील तर बोअर टाइट होता. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर हवा कुठून तरी आत येतेय, किंवा जेट बारीक आहे. ते बघितल्यावरच आम्ही खर्चाचा अंदाज सांगतो.