पायातून निघालेली चप्पल

मागच्या महिन्यात सकाळी पर्वती उतरताना दादाच्या डाव्या पायातली चप्पल निघाली आणि चार-पाच पायऱ्या तसाच अनवाणी उतरूनही ते त्याच्या लक्षात आले नाही. मागून येणाऱ्या एका मुलाने ती आणून हातात दिली, तेव्हा दादा नुसता तिच्याकडे पाहत राहिला. त्याला बावीस वर्षांचा मधुमेह आहे. तळपायांना मुंग्या येतात हे आम्हाला ठाऊक होते, पण बधिरपणा इतका पुढे सरकला असेल याची घरात कोणालाच कल्पना नव्हती. आठ दिवसांतच एका हितचिंतकाने ‘नसांना नवी वाढ देणारे’ म्हणून विकले जाणारे, चांगलेच महागडे चूर्ण त्याला आणून दिले. मी तीसेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, म्हणून दादाने तो डबा माझ्यापुढे ठेवून विचारले, “अगं, यात खरोखर काही आहे का?” मी तेव्हा दिलेले उत्तर फार तुटक होते, ते नीट द्यावे म्हणून हे लिहीत आहे.

चेतापेशींना जगवणारे नैसर्गिक वृद्धिघटक शरीरात असतात, ही गोष्ट खरी आहे. त्यांच्या शोधाची हकीकत वर्गात सांगताना मला दर वर्षी भरून येत असे. इटलीत १९३८ मध्ये ज्यूंविरुद्ध कायदे झाले आणि तुरिनच्या रीटा लेव्ही-मोंटालचिनी यांना विद्यापीठातले काम सोडावे लागले. त्यांनी घरी, स्वतःच्या झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि शिवणाच्या सुयांना धार लावून कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांवर शस्त्रक्रिया केल्या. जो पाय किंवा पंख फुटायचा असतो त्याचा अंकुर कापून टाकला, की त्या बाजूच्या चेतापेशींची संख्या घटते, हे व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी अमेरिकेत १९३४ मध्येच दाखवले होते. अवयवाकडून निरोप न आल्यामुळे त्या पेशी घडतच नाहीत, असा अर्थ त्यांनी लावला होता. लेव्ही-मोंटालचिनी यांना मात्र वेगळेच दिसले: पेशी घडतात, नसलेल्या अवयवाच्या दिशेने तंतू पाठवतात आणि त्यानंतर मरतात. घडण्यासाठी लागणारा निरोप आणि जगण्यासाठी लागणारा आधार यांतला हा फरक माझ्या मते संपूर्ण विषयाचा गाभा आहे. हॅम्बर्गर यांनीच त्यांना १९४७ मध्ये सेंट लुईसला बोलावून घेतले. पुढे १९५२ मध्ये लेव्ही-मोंटालचिनी कर्करोगाच्या गाठी असलेले उंदीर विमानातून रिओ दि जानेरोला घेऊन गेल्या. तिथे त्या गाठीच्या तुकड्याजवळ ठेवलेल्या चेतागुच्छिकेभोवती, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्याभोवती, तंतूंची अशी दाट वाढ झाली, की जणू देवामागची प्रभावळच. ती घडवणारे प्रथिन, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, स्टॅनली कोहेन यांनी शुद्ध केले आणि दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रथिन चेतापेशी स्वतःसाठी तयार करत नाही. तिचा तंतू ज्या त्वचेपर्यंत किंवा ग्रंथीपर्यंत पोहोचतो, ती जागा ते तयार करते आणि तेही अगदी मोजके. म्हणूनच भ्रूणावस्थेत गरजेपेक्षा जास्त चेतापेशी निर्माण होतात आणि ज्यांना हा शिधा पुरेसा मिळत नाही त्या, काही गटांत तर निम्म्याच्या आसपास, मरून जातात. दादाच्या पायाच्या अंगठ्यातून निघणाऱ्या तंतूची पेशी कमरेजवळ, पाठीच्या कण्यालगतच्या गुच्छिकेत आहे, म्हणजे अंतर जवळजवळ एक मीटर. अंगठ्याच्या त्वचेतला वृद्धिघटक तंतूच्या टोकावरील ग्राहीला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, ती जोडी एका सूक्ष्म पिशवीत बंद होते आणि तंतूच्या आतल्या रुळांवरून ओढली जात कित्येक तासांचा, प्रसंगी दिवसांचा प्रवास करून पेशीपर्यंत पोहोचते.

तिथे ती काय करते? प्रत्येक चेतापेशीत स्वतःचा अंत घडवून आणणारी यंत्रणा तयारच असते. वृद्धिघटकाच्या निरोपाने एक्ट नावाचे विकर (एन्झाइम) जागे होते, मृत्यूकडे नेणाऱ्या प्रथिनांना ते निष्प्रभ करते आणि केंद्रकात पेशीचे रक्षण करणारी जनुके चालू होतात. निरोप थांबला की ही यंत्रणा मोकळी होते. त्याहून विलक्षण म्हणजे याच प्रथिनाचे अपक्व रूप वेगळ्या ग्राहीला चिकटले, तर ते पेशीला मरणाकडे ढकलते. शिवाय घटक एकच नाही: वेदना आणि उष्णता जाणणाऱ्या बारीक तंतूंचा सांभाळ करणारा वेगळा, अवयवांच्या स्थितीची जाणीव देणाऱ्या तंतूंचा वेगळा, आणि डुकराच्या मेंदूतून १९८२ मध्ये वेगळा काढलेला बीडीएनएफ नावाचा वृद्धिघटक आणखी वेगळा.

मग हे औषध म्हणून का देता येऊ नये? तसा प्रयत्न अगदी दादासारख्याच रुग्णांवर झाला. मधुमेही न्यूरोपथीच्या, म्हणजे मधुमेहामुळे चेतातंतूंना होणाऱ्या इजेच्या, एक हजाराहून अधिक रुग्णांना ४८ आठवडे हे प्रथिन किंवा निष्क्रिय द्रव टोचण्यात आला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अपेक्षित लाभ दिसला नाही आणि टोचलेल्या जागी दुखणे मात्र वाढले, कारण हेच प्रथिन वेदनेचे तंतू संवेदनशीलही करते. याउलट, बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या चेतातंतूंना इजा होऊन जखमा भरत नाहीत, त्या आजारासाठी याच प्रथिनाच्या थेंबांना अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. डोळ्यात थेंब नेमके हव्या त्या जागी पडतात. तळपायाच्या त्वचेत, हव्या त्या तंतूजवळ, हवे तेवढेच प्रथिन दिवसेंदिवस पुरवणे ही फार वेगळी गोष्ट आहे. आणि तोंडाने घेतलेल्या प्रथिनाचे जठरात व आतड्यात तुकडेच होतात. त्यामुळे डब्यावर काहीही छापलेले असो, त्या चुर्णातून वृद्धिघटक दादाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचेल यावर माझा विश्वास नाही.

हे सगळे मी रविवारी त्याला कागदावर तंतू काढून समजावले. त्याने शांतपणे ऐकले आणि डबा परत करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नादकाटा वाजवून अंगठ्यांवर टेकवला. उजवीकडे कंप कळला, डावीकडे कळला नाही. साखर आटोक्यात ठेवणे आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहणे, एवढे ठरले आहे. येताना दादाने मागे पट्टा असलेली, बंद बोटांची पादत्राणे घेतली.